इन्व्हेस्टमेंट बँकेत सपोर्टचा कुठला डेस्क घ्यावा? सेटलमेंट, केवायसी की फंड अकाउंटिंग?

रंकाळाकाठ
मंडळी, नेमका प्रश्न आहे. धाकटा चुलतभाऊ, शिवाजी विद्यापीठाचं एम.कॉम., टॅली येतं, एक्सेल बरं, इंग्रजी वाचतो पण बोलताना अडखळतो. पुण्यातून तीन पत्रं आलीत. तिन्हींवर हुद्दा एकच, 'ॲनालिस्ट, ऑपरेशन्स', आणि पगारातही फारसा फरक नाही.

१) इक्विटी सेटलमेंट, अमेरिकन शिफ्ट
२) केवायसी, दिवसपाळी
३) फंड अकाउंटिंग, दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ

गल्लीत एक जण म्हणतो बॅक ऑफिस म्हणजे नुसती डेटा एंट्री. दुसऱ्याने तर 'पोरगा इन्व्हेस्टमेंट बँकर झाला' म्हणून पेढेच मागितले. पाच वर्षांनी कुठल्या कामाला किंमत राहते? सोमवारी उत्तर द्यायचंय.

गूळमापे
पेढे देऊन टाका. पेढ्यांचं सेटलमेंट त्याच दिवशी होतं.

नॉस्ट्रोनाना
आधी नकाशा बघा, म्हणजे तीन पत्रं कुठे बसतात ते कळेल. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो. भाव पुकारणारा वेगळा, वजन घेणारा वेगळा, हमाली-तोलाई वजा करून पट्टी लिहिणारा वेगळा आणि पैसे मोजणारा वेगळा. बँकेतही तसंच. ट्रेडर सौदा करतो. ट्रेड सपोर्ट तो सिस्टीममध्ये नीट चढलाय का बघतो. डेरिव्हेटिव्ह असेल तर कन्फर्मेशनवाले समोरच्या पार्टीशी अटी जुळवतात. सेटलमेंटवाले शेअर आणि पैशाची अदलाबदल करतात, रिकन्सिलिएशनवाले आपली वही आणि कस्टोडियनची, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या बँकेची, वही जुळवतात. प्रॉडक्ट कंट्रोल रोजचा नफा-तोटा तपासतो. मार्केट रिस्क आणि क्रेडिट रिस्क मर्यादा सांभाळतात. केवायसी या सगळ्याच्या आधी येतं. गिऱ्हाईक कोण हे ठरल्याशिवाय खातंच उघडत नाही.

फंड अकाउंटिंग या साखळीत नाही. ते कस्टडी बँकेचं काम, म्हणजे दुसऱ्याच्या फंडाची वही आपण लिहायची. पुण्यात बीएनवाय आणि नॉर्दर्न ट्रस्टसारख्या कस्टडी बँकांची मोठी ऑफिसं आहेत, म्हणून इकडच्या कॉमर्सच्या पोरांना ते पत्र जास्त येतं.

माझं मत: डेस्कचं नाव सोडा. तिथे बिघडलेलं काय येतं आणि ते कोण दुरुस्त करतं, तेवढं बघा. बिघाड दुसरीकडे ढकलणाऱ्या टीममध्ये तीन वर्षं काढली तरी हाती काही लागत नाही.

तालीमवाला
सेटलमेंट आपल्याला कुणी शिकवायला नको. कायद्याने उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर वर १५ टक्के व्याज. म्हणजे टी+१४ (टी म्हणजे सौद्याचा दिवस), आणि फेल झाला तर पेनल्टी. पेनल्टी कागदावरच राहते, एवढाच काय तो फरक.

चौथी_गल्ली
@तालीमवाला, हसू आलं, पण उदाहरण चपखल आहे. युरोपात ती पेनल्टी खरोखर कापली जाते. १ फेब्रुवारी २०२२ पासून सीएसडीआर या तिथल्या सेटलमेंटच्या नियमाचा दंड सुरू आहे. लिक्विड शेअर दिले नाहीत तर रोज १ बेसिस पॉइंट, म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. १ कोटी युरोची डिलिव्हरी अडकली तर दिवसाला १,००० युरो.

सेटलमेंटच्या माणसाचा दिवस फेलच्या यादीने सुरू होतो. कस्टोडियनकडून एमटी५४८ हा स्टेटसचा मेसेज येतो, त्यात कारणाचा कोड असतो. लॅक म्हणजे शेअर आपल्याकडेच कमी. सीलॅक म्हणजे समोरच्याकडे कमी. मनी म्हणजे आपले पैसे कमी. मॅचच झालं नसेल तर मात्र खोदकाम करावं लागतं: आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक), नग, रक्कम, सेटलमेंटची तारीख, समोरच्याचा बीआयसी (बँकेचा कोड), सगळं एकेक करून ताडायचं. युरोपच्या टी२एस या सामायिक सेटलमेंट यंत्रणेत १ लाख युरोपर्यंतच्या व्यवहाराला २ युरोचा फरक चालतो, त्यावर २५ युरोचा. २६ युरोचा फरक आला की अख्खा सौदा लटकतो. बहुतेक वेळा दलाली धरण्यात गफलत असते, नाहीतर जुन्या एसएसआयवर इन्स्ट्रक्शन गेलेली असते. एसएसआय म्हणजे समोरच्याची कायमची खातेसूचना. त्याने कस्टोडियन बदलला आणि आपल्याकडे नोंद झाली नाही, की त्या पार्टीचे सगळेच सौदे एका दिवसात फेल.

पंचगंगा७
नानांशी असहमत. नाव सोडून कसं चालेल? भरती करणारा आधी सीव्हीत शब्द शोधतो. 'सेटलमेंट' दिसलं तर सेटलमेंटलाच बोलावतो. पहिला डेस्क हा शिक्का असतो, तो पुसायला दोन-तीन वर्षं जातात. शिवाय सेटलमेंट मशीनकडे चाललंय. बहुतेक सौदे माणसाचा हात न लागता पार होतात.

चौथी_गल्ली
म्हणूनच तर! सरळ पार होणाऱ्या सौद्याला माणूस कधीच लागत नव्हता. उरतात ते वाकडे, आणि मुदती आखडत चालल्यात तसे ते जास्त टोचतात. भारत २७ जानेवारी २०२३ ला पूर्ण टी+१ वर गेला, अमेरिका २८ मे २०२४ ला. युरोपियन युनियन, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड ११ ऑक्टोबर २०२७ ला जाणार आहेत. अमेरिकेत सौद्याच्याच दिवशी तिथल्या रात्री नऊपर्यंत अफर्म व्हावं लागतं (सौद्याचे तपशील बरोबर असल्याचा होकार), म्हणजे उन्हाळ्यात आपल्या सकाळचे साडेसहा. पूर्वी चूक सापडायला एक दिवस हाताशी असायचा, तो गेला. युरोपच्या बदलाचं प्रोजेक्ट २०२७ पर्यंत चालेल. फेल का होतात हे तोंडपाठ असलेल्या पोराला त्यात बिझनेस ॲनालिस्ट व्हायची संधी आहे.

काटापेटी
पत्रात नसलं तरी प्रॉडक्ट कंट्रोलबद्दल सांगतो. इकडून तिकडे जायचं स्वप्न बरेच जण बघतात, पण तिथे करतात काय ते ठाऊक नसतं.

कारखान्याच्या काट्यावर वजन केलं तरी शेतकरी बाहेरच्या काट्यावर गाडी नेतो ना? प्रॉडक्ट कंट्रोल म्हणजे तो बाहेरचा काटा. ट्रेडर संध्याकाळी म्हणतो, आज एवढा तोटा झाला. कंट्रोलर दुसऱ्या दिवशी तोच आकडा स्वतः उभा करतो.

उदाहरण घ्या. बॉन्डच्या डेस्कचा डीव्ही०१ आहे २०,०००. म्हणजे यील्ड (बॉन्डवरचा परतावा) १ बेसिस पॉइंट वर गेली की २०,००० डॉलर तोटा. आज यील्ड ३ पॉइंट चढली, तोटा यायला हवा ६०,०००. सिस्टीम दाखवते ८५,०००. मधले २५,००० गेले कुठे? दिवसभरातले नवे सौदे बघा. कालचा सौदा आज मागच्या तारखेने चढलाय का बघा. कूपनची कॅरी (रोज जमा होणारं व्याज), दलाली आणि फी, चलनाचा दर तपासा. शेवटी भावाची फाइल: एका बॉन्डला आजचा भाव आलाच नाही, कालचाच राहिला, असं फार होतं. उत्तर नाही मिळालं तर ते 'अनएक्सप्लेन्ड'मध्ये पडतं आणि मर्यादेबाहेर गेलं की वरून फोन येतो.

महिनाअखेरीला आयपीव्ही, म्हणजे ट्रेडरचे भाव बाहेरच्या स्वतंत्र भावांशी ताडायचे. पहिले पाच कामाचे दिवस रजेचं नाव काढायचं नाही. इथे सीए किंवा फायनान्सचं एमबीए मागतात हे खरं. एम.कॉम.ला थेट दार बंद असतं, पण फंड अकाउंटिंग किंवा ट्रेड सपोर्टमधून ते उघडतं.

गूळमापे
फंड अकाउंटिंगला लोक उगाच नावं ठेवतात. एम.कॉम.वाल्याचं नाणं तिथेच वाजतं, जमा-नावे पक्कं असतं म्हणून. रोज ठरलेल्या वेळी एनएव्ही काढून द्यायची: मालमत्ता वजा देणी, भागिले युनिट. ऐकायला सोपं आहे. आता हे बघा: फंडाकडे १०,००० शेअर, भाव ८००, किंमत ८० लाख. कंपनीने एकास एक बोनस दिला. एक्स-डेटला (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला बोनस मिळत नाही) भाव ४०० वर आला आणि भावाच्या फाइलमधून आपोआप बसला, पण नग वाढवायची नोंद कॉर्पोरेट ॲक्शनवाल्यांकडून (बोनस, लाभांश बघणाऱ्या टीमकडून) आली नाही. किंमत ४० लाखच दिसते. हा शेअर फंडाच्या ५ टक्के असेल तर एनएव्ही अडीच टक्के खोटी. अर्धा टक्का ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी गंभीर मानतात, इथे त्याच्या पाचपट. मग त्या दिवशी ज्यांनी युनिट घेतली-विकली त्यांचा हिशेब पुन्हा मांडायचा, भरपाई करायची. एनएव्ही सोडण्याआधी 'भाव १० टक्क्यांहून जास्त हलला' ही यादी नुसती टिकमार्क करणारा आणि ती वाचणारा यांच्यातला फरक असा कळतो.

मिसळ_कट_वाढा
साडेबारा ते साडेनऊवाल्याला सकाळची मिसळ मिळते. अमेरिकन शिफ्टवाल्याला मिसळ म्हणजे रात्रीचं जेवण. शिफ्टचं कुणी नीट सांगा.

अंबाबाईरोड
@मिसळ_कट_वाढा, सांगते. लंडनचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा ते रात्री नऊ. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सात ते मध्यरात्री दीड. तिकडची घड्याळं मागे गेली की दोन्ही एक तास पुढे सरकतात, आणि मार्चमध्ये अमेरिका घड्याळ आधी बदलते, युरोप नंतर, तेव्हा दोन-तीन आठवडे हँडओव्हरची वेळ सगळ्यांची चुकते.

सुट्टी परदेशी कॅलेंडरने. दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला यायचं म्हटलं तर ३० सप्टेंबरची तिमाही आडवी येते, पाडव्याला ३१ मार्च. गौरी-गणपतीची रजा टीममध्ये पाळीपाळीने मिळते, तेव्हा जूनमध्येच नाव लावायचं. अमेरिकन शिफ्टचा शुक्रवार शनिवारी पहाटे संपतो. स्वारगेटहून पहाटेची एसटी धरून घर गाठलं तरी शनिवार झोपेतच जातो.

आता केवायसी. दिवसपाळी म्हणून ते पत्र कमी लेखू नका. पण कुठलं केवायसी ते विचारा. नुसतं कागद जमवून चेकलिस्ट भरणं असेल तर वर्षभरात शिकणं थांबतं. मालकीची उकल असेल तर काम खरं आहे. अमेरिका, युरोपात साधारण २५ टक्क्यांच्या मालकापर्यंत पोचायचं. आपल्याकडे २०२३ पासून कंपनीसाठी १० टक्क्यांहून जास्त. समजा एका माणसाचे होल्डिंग कंपनीत ६० टक्के आणि त्या कंपनीचे गिऱ्हाईक कंपनीत ४० टक्के. गुणाकार २४ टक्के, म्हणजे २५ च्या खाली. नवखा इथे 'मालक नाही' म्हणून फाइल बंद करतो. पण ६० टक्केवाला होल्डिंग कंपनी चालवतो, म्हणजे ते ४० टक्के मत त्याच्याच हातात. नियंत्रणाची कसोटी वेगळी लावायची असते. ते ज्याला दिसतं तो पुढे फायनान्शियल क्राइम, सँक्शन्स, कम्प्लायन्सकडे सरकतो. तिकडे कॅम्सच्या (मनी लाँडरिंग रोखण्याच्या कामाच्या) सर्टिफिकेटला मान आहे.

मार्जिनमामा
तिन्ही सोडून चौथं सुचवतो: कोलॅटरल, म्हणजे तारणाचं काम. पत्र हाती नसलं तरी वर्षभराने अंतर्गत बदली मागताना हे नाव ध्यानात ठेवा. करार वाचायला लागतो, गणित लागतं आणि रोज समोरच्या बँकेशी भांडायला मिळतं. कोल्हापुरी माणसाला आणखी काय पाहिजे!

मुलाखतीत हमखास पडणारा खड्डा सांगतो. एक्स्पोजर (समोरच्याकडून येणं) १,२४,२०,००० डॉलर, थ्रेशोल्ड (तारणाशिवाय चालणारी रक्कम) शून्य, हातात तारण १,१९,००,०००. फरक ५,२०,०००. मिनिमम ट्रान्सफर अमाउंट ५,००,०००. मार्जिन कॉल, म्हणजे जादा तारणाची मागणी, कितीचा? निम्मी पोरं म्हणतात २०,०००. चूक. थ्रेशोल्ड वजा होतो, मिनिमम ट्रान्सफर वजा होत नाही. तो उंबरा आहे. ओलांडला की पूर्ण ५,२०,००० मागायचे. फरक ४,४०,००० असता तर काहीच मागायचं नाही.

पुढचा खड्डा: समोरचा रोख न देता २ टक्के हेअरकटचा (किंमत २ टक्के कमी धरायची) बॉन्ड देतो. कितीचा घ्यायचा? ५,२०,००० भागिले ०.९८, म्हणजे ५,३०,६१२. जो १.०२ ने गुणतो त्याचे ५,३०,४०० येतात आणि २१२ डॉलर कमी पडतात.

तालीमवाला
२१२ डॉलरसाठी एवढी मारामारी? आमच्याकडे एवढ्यात अख्ख्या तालमीला तांबडा-पांढरा.

मार्जिनमामा
२१२ साठी नाही रे भावा. हाच फॉर्म्युला हजार ओळींत खाली ओढला जातो त्यासाठी. २०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडनच्या डेस्कवर सुमारे ६.२ अब्ज डॉलरचा तोटा झाला. नंतरच्या चौकशीत जोखीम मोजायच्या एक्सेलमध्ये एका ठिकाणी सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागलेलं सापडलं. त्यामुळे जोखीम कमी दिसत होती.

नॉस्ट्रोनाना
'नुसती डेटा एंट्री' म्हणणाऱ्या गल्लीकरांना ऑगस्ट २०२० चं सिटीबँकेचं प्रकरण सांगा. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावर सावकारांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. मुद्दल बँकेच्याच आतल्या खात्यावर वळवून ठेवायचं होतं. त्यासाठी स्क्रीनवर तीन खाने भरायचे होते: फ्रंट, फंड आणि प्रिन्सिपल. भरला गेला एकच, प्रिन्सिपल. भरणारा, तपासणारा, मंजूर करणारा, तिघांनाही वाटलं एवढ्याने मुद्दल थांबतं. सुमारे ९० कोटी डॉलर बाहेर गेले. बरेच सावकार परत द्यायला तयार नव्हते, कोर्टकचेऱ्या २०२२ पर्यंत चालल्या.

सहा डोळे होते, पण सगळ्यांनी एकच समज धरून बघितलं. म्हणून चेकरने (तपासणाऱ्याने) मेकरची (भरणाऱ्याची) स्क्रीन बघून होकार द्यायचा नसतो. मूळ सूचनेवरून आकडा स्वतः काढायचा आणि मग ताडायचा.

पंचगंगा७
ठीक, हे पटलं. पण मूळ धाग्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही. सपोर्टमधून ट्रेडर होता येतं या आशेने जाऊ नये. पुण्यात ट्रेडिंग डेस्क जवळपास नाहीतच, ते लंडन, न्यूयॉर्क, फार तर मुंबईत. शेजारी बसून ओळख वाढवायची सोयच नाही. बँकाही या वाटेकडे जपून बघतात. १९९५ मध्ये बेअरिंग्ज बुडाली, कारण सिंगापूरला निक लीसन सौदेही करायचा आणि बॅक ऑफिसही त्याच्याच हाताखाली होतं. ८८८८८ नंबरच्या खात्यात ८२.७ कोटी पौंडांचा तोटा लपला. २००८ मध्ये सोसिएते जनरालचा जेरोम केर्व्हिएल मिडल ऑफिसमधूनच (सौदे तपासणाऱ्या विभागातूनच) ट्रेडिंगला गेला होता, कुठली तपासणी कधी होते ते त्याला ठाऊक होतं. ४.९ अब्ज युरो.

म्हणून संवेदनशील कामावर वर्षातून सलग दहा कामाचे दिवस सक्तीची रजा असते. लॉगिनच बंद.

मिसळ_कट_वाढा
सक्तीची रजा! मग जोतिबाची यात्रा त्यात बसवा की राव.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे आभार. आता दोन प्रश्न. कुठला कोर्स करावा? इथे एक क्लास 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग, १०० टक्के नोकरी' म्हणून भरमसाठ फी मागतोय. आणि एचआरला नेमकं काय विचारावं?

काटापेटी
क्लासला आत्ता हात लावू नका. पत्र हातात असताना कशाला? नोकरीसाठी पैसे मागणारा कुणीही असो, सरळ उठून यायचं. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सातवी सिरीज, सिक्युरिटीज ऑपरेशन्स अँड रिस्क मॅनेजमेंट, तिचा अभ्यास घरी बसून होतो. शंभर मार्कांचा पेपर, पन्नासला पास, चुकलं तर पाव मार्क कापतात. पुढे रिस्ककडे जायचं असेल तर एफआरएम ही रिस्कची परीक्षा, पण ते कामावर रुळल्यावर. तोवर एक्सेलमध्ये एक्सलुकअप, पिव्हट, पॉवर क्वेरी आणि थोडं एसक्यूएल. दोन वह्या जुळवताना फरकाला ९ ने भाग गेला तर आकडे उलटसुलट झालेत का बघायचं: ५४,००० चे ४५,०००, फरक ९,०००. २ ने भागून येणारी रक्कम वहीत सापडली तर नोंद उलट्या बाजूला पडलीय. हे कॉमर्सवाल्यांना शिकवलेलं असतं, मुलाखतीत मात्र आठवत नाही.

अंबाबाईरोड
एचआरला पगार सोडून फार काही ठाऊक नसतं, म्हणून टीमच्या मॅनेजरशी पंधरा मिनिटं मागा. मग विचारायचं: माझ्या टीमचा दिवसातला शेवटचा कटऑफ कुठला, आणि तो चुकला तर पैसे कुणाचे जातात? ब्रेक (न जुळलेली नोंद) किंवा फेल आपण मिटवतो की दुसऱ्या शहरातल्या टीमकडे पाठवतो? मेकर म्हणून किती महिने, चेकर कधी? अंतर्गत बदली किती महिन्यांनी? नोकरी बँकेच्या पेरोलवर की कंत्राटावर? रात्री गाडी घरापर्यंत की ठरलेल्या थांब्यापर्यंत? नोटीस ६० दिवस की ९०? शिफ्ट भत्ता सीटीसीच्या आत धरलाय का वेगळा? आत धरला असेल तर दिवसपाळीत बदली झाली की पगार उतरतो. सीटीसीत ग्रॅच्युइटीचे मूळ पगाराच्या ४.८१ टक्के आणि कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, महिन्याच्या हाती येणाऱ्या पैशात तो दिसत नाही.

बोलताना अडखळण्याचं म्हणाल तर निम्मं काम ईमेल आणि चॅटवर चालतं. पाच ओळींत आयएसआयएन, रक्कम, कारण, आपल्याला काय हवं आणि कधीपर्यंत हे लिहिता आलं की भागतं. सहा महिन्यांत फोनची भीती जाते.

गूळमापे
आणि व्हीपी या हुद्द्याला घाबरायचं नाही. एका मजल्यावर पन्नास असतात. गावाकडे मात्र उपाध्यक्षच सांगायचं.

रंकाळाकाठ
तिन्हीकडे मॅनेजर मागितला. केवायसीवाल्यांनी कळवलं, प्रोसेस रुजू झाल्यावर ठरेल, पेरोल तिसऱ्याच कंपनीचा. सेटलमेंटवाले बोलले: फेल टीम स्वतः मिटवते, पण पहिलं दीड वर्ष रात्रपाळीच. फंड अकाउंटिंगचा मॅनेजर म्हणाला, भावाच्या अपवादांची यादी नवीन माणूस तिसऱ्या महिन्यापासून बघतो, चेकर साधारण वर्षाने, बदली १८ महिन्यांनी. पोराचा कल तिसऱ्याकडे आहे.

नॉस्ट्रोनाना
दुसरं पत्र रद्द झालंच. राहिलेल्या दोघांत तिसरं घ्या. एम.कॉम.चा पाया वाया जात नाही, आणि १८ महिन्यांनी प्रॉडक्ट कंट्रोलला अर्ज टाकताना काटापेटींनी दिलेलं २५,००० चं उदाहरण पोराला कागदावर सोडवता आलं पाहिजे.

चौथी_गल्ली
मी सेटलमेंटच म्हणेन. पण झोपेला हरलो.

काटापेटी
रुजू होण्याआधी एक काम. बोनस आणि स्प्लिट झालेल्या दोन-तीन कंपन्यांच्या घोषणा एक्सचेंजच्या वेबसाइटवरून काढा. रेकॉर्ड डेट (त्या दिवशी वहीत नाव असेल त्याला बोनस), आदले दिवशीचा बंद भाव, एक्स-डेटचा उघडता भाव, नग, चारही एका शीटमध्ये मांडून किंमत दोन्ही दिवशी जुळते का बघायला सांगा. टी+१ मुळे आपल्याकडे एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट एकाच दिवशी येतात, जुन्या नोट्समध्ये एक दिवसाचा फरक लिहिलेला असतो. तिथे फसू नका.

तालीमवाला
पेढ्यांचं काय झालं?

रंकाळाकाठ
मॅच झालेत, सेटलमेंट सोमवारी.